साथीदाराची वाट : वेल्श ड्रमवादक क्रिस स्लेड यांची कारकीर्द



या स्मृतिव्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, गोमंतकाचा इतिहास अशा विषयांवर व्यासंगी वक्त्यांनी विचार मांडले आहेत. त्या पंक्तीत रॉक संगीतातील एका वेल्श ड्रमवादकाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी आपल्या शाळेचे संगीतशिक्षक होते. स्नेहसंमेलनात गाणाऱ्या मुलांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापली जात. पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे छापण्याची प्रथा नव्हती आणि गुरुजींनीही ती मागितली नाही. म्हणून त्यांच्या स्मृतीस साजेसा विषय निवडताना मला साथीदाराचा विषय सुचला. तो आपल्या परिचयाच्या मैफलीतून न मांडता दूरच्या, आणि आपल्याला काहीशा कर्कश वाटणाऱ्या संगीतातून मांडावा, असे मी ठरविले. जवळच्या गोष्टीकडे पाहताना आदर आड येतो. दूरच्या गोष्टीकडे नितळ नजरेने पाहता येते.

ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या नावामागे बसावयाचे आहे, त्याची कारकीर्द मोजावी कशी? हा माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम या व्यवसायाची ओळख करून घेऊ. 'सेशन' म्हणजे बैठक. ध्वनिमुद्रणालयात ठरलेल्या वेळेसाठी, ठरलेल्या बिदागीवर बोलावलेला वादक तो सेशन वादक. ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेने मान्य केलेली तीन तासांची बैठक हे या व्यवसायाचे माप होते. ध्वनिमुद्रणालयाचे भाडे चढते असे. चुकलेली लय नंतर यंत्रावर सुधारून घेण्याची सोय नव्हती. त्यामुळे एखादे वाद्यवृंदमंडळ नवखे असले, तर त्याच्या ड्रमवादकाला बाजूस बसवून सरावलेल्या माणसाकडून काम उरकून घेणे ही सर्रास रीत होती. सप्टेंबर १९६२ मध्ये बीटल्सच्या 'लव्ह मी डू' या गीताच्या मुद्रणासाठी रिंगो स्टार समक्ष हजर असताना अँडी व्हाइट या स्कॉटिश वादकाला ड्रमवर बसविण्यात आले आणि रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली. मंडळाच्या पहिल्या अल्बमात जी आवृत्ती आहे, ती व्हाइट यांच्या वादनाची. लंडनचेच क्लेम कॅटिनी यांचे वादन ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेलेल्या ४० हून अधिक ध्वनिमुद्रिकांवर आहे. त्या तबकड्या ज्यांनी विकत घेतल्या, त्यांच्यापैकी किती जणांना कॅटिनी हे नाव ठाऊक असेल?

आता वाद्याविषयी दोन शब्द. पाश्चात्त्य बँडमध्ये मोठा ढोल, छोटा ताशासारखा ड्रम आणि झांजा ही कामे पूर्वी दोन-तीन माणसे करीत. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये मोठा ढोल पायाने वाजविण्याची सोयीस्कर पट्टी बाजारात आणली आणि हे सारे काम एका माणसाच्या हाती, खरे तर हातापायी, आले. त्याचा उजवा पाय 'बेस ड्रम'वर, डावा पाय 'हाय-हॅट' या जोडझांजेवर, आणि दोन्ही हात उरलेल्या साऱ्यावर. रॉक संगीताचा मूळ ठेका फार साधा आहे. चार मात्रांचे आवर्तन. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बेस ड्रमचा भरदार घुमारा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 'स्नेअर'चा कडक आघात, आणि वर झांजेची सलग बारीक गती. लिहून काढले तर एवढेच. हे एवढेच पाच मिनिटे एका वजनाने, एका अंतराने वाजविणे आणि तरी ते यांत्रिक वाटू न देणे, ही या वाद्याची खरी कसोटी आहे. ठेका धरून बसणे हे बोल उधळण्यापेक्षा अवघड असते, हे आपल्यापैकी तबला शिकलेल्यांना मी सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर आपण दक्षिण वेल्समधील पाँटिप्रिथ या गावी जाऊ. टॅफ आणि रोंडा या दोन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. अठराव्या शतकात विल्यम एडवर्ड्स या वेल्श बांधकाम-कारागिराने येथे टॅफवर एका कमानीचा दगडी पूल उभारला. त्याआधीचे प्रयत्न फसल्यानंतर १७५६ मध्ये तो टिकला आणि आजही उभा आहे. पुढे खोऱ्यातील दगडी कोळशाच्या खाणींनी आणि रेल्वेने गावाला भरभराट दिली. वेल्सचे राष्ट्रगीतही याच गावचे; इव्हान जेम्स आणि जेम्स जेम्स या पितापुत्रांनी ते १८५६ मध्ये रचले. खाणकामगारांची समूहगायन-मंडळे, रविवारी प्रार्थनामंदिरातील स्तोत्रगायन आणि शनिवारी रात्री कामगारांच्या क्लबात होणारे गाणेबजावणे, अशी तिहेरी शिकवणी या खोऱ्यातील मुलांना आपोआप मिळे. अशा ठिकाणी गायक उदंड निपजतात. आणि जेथे गायक उदंड, तेथे साथ करणाऱ्याला कामाची वाण नसते.

३० ऑक्टोबर १९४६ रोजी येथे क्रिस्टोफर रीस या मुलाचा जन्म झाला. पुढे त्याने क्रिस स्लेड हे नाव घेतले. शाळकरी वय संपते न संपते तोच तो 'सेनेटर्स' नावाच्या स्थानिक मंडळात ड्रमवर बसू लागला. त्या मंडळाचा गायक लगतच्या ट्रेफॉरेस्ट भागातला, वयाने सहा वर्षांनी मोठा, थॉमस वुडवर्ड. क्लबातून तो 'टॉमी स्कॉट' या नावाने गाई. जगाला तो पुढे टॉम जोन्स म्हणून माहीत झाला. त्यांना लंडनला नेणारे व्यवस्थापक गॉर्डन मिल्स हेही वेल्श. त्यांचे बालपण वेल्समध्ये गेले असले तरी जन्म मात्र आपल्या मद्रासचा. १९६४ मध्ये ही मंडळी लंडनला आली. मंडळाचे नाव बदलून 'स्क्वायर्स' झाले, आणि गायकाचे नाव त्यापुढे मोठ्या अक्षरात लागले.

जानेवारी १९६५ मध्ये 'इट्स नॉट अनयुज्वल' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि मार्चमध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली. गीत मिल्स आणि लेस रीड यांचे. पितळी वाद्यांचा झगमगता मेळ आणि त्याखाली उसळी घेणारा चपळ ठेका. हे गीत आजही विवाहसमारंभांपासून क्रीडांगणांपर्यंत वाजते. आता विचारू या, की त्यावर ड्रम कोणी वाजविले? स्लेड म्हणतात, मी वाजविले. दुसऱ्या मतानुसार वादक अँडी व्हाइट, तर आणखी एका मतानुसार रॉनी व्हेरेल. या वादाचा निकाल देणे हे माझे काम नव्हे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की असा वाद उद्भवू शकतो. गायक कोण याविषयी कधी शंका येत नाही. गीतकार कोण, संयोजक कोण, कंपनी कोणती, सारे तबकडीवर छापलेले असते. जो ठेका साठ वर्षे लोकांच्या कानांत आहे, तो देणारे हात कोणाचे, याविषयी मात्र एकमत होत नाही.

टॉम जोन्स यांच्यामागे स्लेड साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बसले. या काळात छोट्या क्लबातून अमेरिकेतील भव्य रंगमंचापर्यंतचा प्रवास घडला. गायकाच्या श्वासाकडे कान ठेवून कोठे थांबावयाचे, कोठे त्याला पुढे लोटावयाचे आणि पितळी वाद्यांचा ताफा बरोबर असताना आपला आवाज किती ठेवावयाचा, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. पुढे गायकाच्या मागचा मेळ बदलला आणि गावापासूनची ही सोबत सुटली. कारकिर्दीतील हा पहिला वियोग. त्यानंतर स्लेड यांचे पुढचे सारे आयुष्य याच रीतीने गेले. बोलावणे आले की जावयाचे, मनापासून वाजवावयाचे, आणि निरोप मिळाला की काठ्या आवरून निघावयाचे.

१९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले कळफलकवादक मॅनफ्रेड मान यांनी 'मॅनफ्रेड मान्स अर्थ बँड' हे चौघांचे मंडळ स्थापन केले, त्यात स्लेड संस्थापक-सदस्य होते. येथील कामाचा पोत अगदी निराळा होता. कालमापन बदलत जाणारे लांब तुकडे, विस्तार, आणि दुसऱ्यांच्या रचना घेऊन त्यांचा नवा आकार घडविणे. १९७३ चे 'जॉयब्रिंगर' हे गीत इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांच्या 'ग्रहमाला' या वाद्यवृंदरचनेतील गुरू ग्रहाच्या सुरावटीवर उभे आहे. त्यासाठी होल्स्ट यांच्या कन्या इमोजेन यांची परवानगी घ्यावी लागली होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 'ब्लाइंडेड बाय द लाइट' हे गीत मूळ रूपात फारसे खपले नव्हते. अर्थ बँडने त्याची घडण पालटली आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या ध्वनिमुद्रिकेवरील ड्रम स्लेड यांचे आहेत, आणि येथे मात्र त्याविषयी कोणताही वाद नाही, कारण मंडळाचा सदस्य म्हणून त्यांचे नाव वेष्टनावर छापलेले होते. केवळ सेशनपुरता बोलावलेला वादक आणि मंडळाचा सदस्य यांच्यातील फरक एवढ्यावरून ध्यानात यावा. हात तेच, मेहनत तीच. फरक फक्त नोंदीचा.

१९७८ मध्ये ते अर्थ बँडमधून बाहेर पडले. पुढची दहा-अकरा वर्षे हा त्यांच्या खऱ्या अर्थाने फिरत्या साथीचा काळ. स्कॉटिश गायक फ्रँकी मिलर यांच्यासाठी त्यांनी वाजविले. 'युरिया हीप' या मंडळाच्या १९८० मधील 'काँक्वेस्ट' या अल्बमावर ते आहेत. १९८२ मध्ये गॅरी न्यूमन यांच्या 'आय, असॅसिन'साठी त्यांना बोलावणे आले. न्यूमन यांचे संगीत विद्युत्‌ध्वनींचे, थंड आणि कोरीव. तेथे भरदार रॉक वादकाने आपला ढंग आवरून धरावयाचा होता. त्या अल्बमावर बेस गिटार वाजविणारे पिनो पॅलाडिनो हेही कार्डिफचे, म्हणजे वेल्शच. १९८४ मध्ये 'पिंक फ्लॉइड'चे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी आपल्या 'अबाउट फेस' या अल्बमाच्या दौऱ्यासाठी स्लेड यांना घेतले. या अल्बमावर ड्रम वाजविले होते जेफ पोर्कारो या अमेरिकन वादकाने. दुसऱ्याने मुद्रित केलेले काम दररात्री रंगमंचावर जिवंत करणे हीही साथीदाराची एक कामगिरी असते. नक्कल केली तर ते निर्जीव होते. स्वतःचेच दामटले तर रचना बिघडते. त्या दोहोंमधून वाट काढावी लागते.

याच सुमारास जिमी पेज यांचे बोलावणे आले. 'लेड झेपेलिन' हे त्यांचे मंडळ १९८० मध्ये ड्रमवादक जॉन बोनम यांच्या निधनानंतर थांबले होते आणि पेज आता गायक पॉल रॉजर्स यांच्याबरोबर नवे मंडळ उभारीत होते. स्लेड यांच्या सांगण्यानुसार, आपण गिल्मर यांच्या दौऱ्याला शब्द दिला आहे असे त्यांनी पेज यांना कळविले, आणि पेज यांनी थांबण्याची तयारी दाखविली. हा प्रसंग मला मोलाचा वाटतो. मोठ्या नावाच्या मोहाने दिलेला शब्द न मोडणारा वादक, आणि त्या शब्दाचा मान राखणारा नायक. योगायोग असा, की साठच्या दशकात पेज स्वतः लंडनच्या ध्वनिमुद्रणालयांतून अनेकांच्या गीतांवर निनावी गिटार वाजवीत होते. साथीदाराची किंमत त्यांना ठाऊक होती. 'द फर्म' नावाच्या या मंडळाचे १९८५ आणि १९८६ मध्ये दोन अल्बम निघाले आणि ते विसर्जित झाले.

येथे क्षणभर दुसऱ्या एका वेल्श वादकाची आठवण काढतो. स्वान्झी शहराचे टेरी विल्यम्स हे 'मॅन' आणि 'रॉकपाइल' या मंडळांतून नावारूपाला आले आणि १९८२ पासून 'डायर स्ट्रेट्स'चे ड्रमवादक झाले. १९८५ चा 'ब्रदर्स इन आर्म्स' हा त्या मंडळाचा सर्वाधिक खपलेला अल्बम. कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट बेटावर त्याचे मुद्रण चालले असता विल्यम्स यांचे काम बाजूला ठेवण्यात आले आणि ओमर हकीम या अमेरिकन वादकाला आणून जवळजवळ सारे ड्रम नव्याने वाजवून घेण्यात आले. 'मनी फॉर नथिंग'च्या आरंभी जो घुमत चढत जाणारा ड्रमचा गडगडाट आहे, तेवढा विल्यम्स यांचा राहिला. त्यानंतरच्या दीर्घ जगदौऱ्यात मात्र, आणि जुलै १९८५ मधील 'लाइव्ह एड'च्या प्रचंड कार्यक्रमातही, ड्रमवर विल्यम्सच होते. आपले काम पुसून त्यावर दुसऱ्याने लिहिलेले आपणच रात्रीमागून रात्र वाजवावयाचे, याला केवढे मन लागत असेल! या क्षेत्रात वगळले जाणे हा नेहमीच गुणवत्तेचा निकाल नसतो; पुष्कळदा तो एका विशिष्ट गीताच्या गरजेचा निकाल असतो. परंतु ज्याला वगळले त्याच्या मनाला हा भेद तितकासा समाधान देत नाही.

पुन्हा स्लेड यांच्याकडे येऊ. १९८९ मध्ये ते आयरिश गिटारवादक गॅरी मूर यांच्या दौऱ्यात होते. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात स्थापन झालेल्या 'एसी/डीसी' या विख्यात मंडळाच्या ड्रमवादकाची जागा मोकळी झाली आणि ती त्यांच्याकडे आली. कॅनडातील व्हँकूव्हर येथे मुद्रित झालेला 'द रेझर्स एज' हा अल्बम सप्टेंबर १९९० मध्ये निघाला. त्यातील 'थंडरस्ट्रक' या पहिल्याच गीताने मंडळाला नवी उभारी दिली. या गीताच्या चित्रफितीत मुंडित मस्तकाचे स्लेड दोन्ही बाजूंना उभे टांगलेले प्रचंड ढोल बडवताना दिसतात. ज्यांना त्यांचे नाव माहीत नाही, त्यांनाही ते दृश्य आठवते.

मात्र ते दृश्य म्हणजे त्यांचे काम नव्हे. या मंडळाचे संगीत उभे आहे ते मघाशी सांगितलेल्या साध्या ठेक्यावर. अर्थ बँडमध्ये विषम मात्रांचे हिशेब मांडणाऱ्या, जोन्स यांच्यामागे पितळी वाद्यांशी संवाद साधणाऱ्या वादकाने येथे पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी, एवढेच वाजवावयाचे होते. जे येते ते सारे न वाजविणे, ही या माणसाची विद्या. ऑगस्ट १९९१ मध्ये इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथील आणि पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबर रोजी, मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावरील मैफल पाहा. सोव्हिएत संघातील सत्तापालटाचा फसलेला कट होऊन जेमतेम महिना लोटला होता. लाखोंचा समुदाय मोकळ्या मैदानावर लोटला होता, आणि त्या जनसागराला एका लयीत बांधून ठेवीत होता पाँटिप्रिथचा एक मनुष्य, ज्याचे नाव त्यांतील बहुतेकांना ठाऊक नसावे.

१९९४ मध्ये मंडळाचे जुने ड्रमवादक फिल रड परतले आणि स्लेड यांना बाहेर पडावे लागले. त्यांच्या वादनात खोट निघाली असे कोणी म्हटले नाही. जुन्या सहकाऱ्याशी पुन्हा जमते का, हे मंडळाला पाहावयाचे होते. हा घाव मात्र खोल गेला. त्यानंतर सुमारे तीन वर्षे आपण ड्रमला हात लावला नाही, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. तीस वर्षांच्या कारकिर्दीत ज्यांनी अनेक निरोप पचविले, त्यांना हा एक पचला नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने या मंडळाचा गौरव केला, तेव्हा गौरवितांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते.

परंतु कारकीर्द तेथे संपली नाही. १९९९ पासून काही वर्षे ते 'एशिया' या मंडळात होते. 'ऑरा' आणि 'सायलेंट नेशन' या अल्बमांवर त्यांचे वादन आहे. पुढे त्यांनी 'टाइमलाइन' नावाचे स्वतःचे मंडळ काढले. त्या नावातच त्याचा उद्देश आहे. टॉम जोन्स यांच्यापासून आजवर ज्यांच्या मागे बसलो, त्या साऱ्यांची गीते एका बैठकीत वाजवावयाची. आयुष्यभर इतरांच्या कार्यक्रमांत विखुरलेले आपले काम एका सूत्रात ओवून त्यांनी ते श्रोत्यांपुढे ठेवले. आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये, रड यांच्यावर न्यूझीलंडमध्ये खटला उभा राहिला असताना, 'एसी/डीसी'ने स्लेड यांनाच पुन्हा बोलाविले. अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारसोहळ्यात ते ड्रमवर दिसले तेव्हा त्यांचे वय ६८ होते. त्यानंतरचा २०१५-१६ चा जगदौरा त्यांनी पार पाडला. २०२० मधील 'पॉवर अप' या अल्बमावर पुन्हा रड आले. एकवीस वर्षांनी आलेले बोलावणे स्वीकारताना जुना सल आड आला नाही. यात व्यवसायनिष्ठा आहे. आणि केवळ तेवढीच नसावी.

श्रोतेहो, या कारकिर्दीचा हिशेब आपण कसा मांडणार? एका बाजूस पाहिले तर ही वियोगांची मालिका आहे. दुसऱ्या बाजूस पाहिले तर पॉप, पुरोगामी रॉक, विद्युत्‌संगीत आणि हेवी मेटल अशा परस्परांशी न बोलणाऱ्या घराण्यांतून एकच माणूस सन्मानाने वावरला. नायकाला स्वतःची शैली एकदा घडवून जन्मभर जपता येते. साथीदाराला ती दर नव्या दारात शिरताना बाहेर काढून ठेवावी लागते, आणि तरी आत गेल्यावर ओळखू यावे असे काहीतरी जवळ असावे लागते. स्लेड यांच्यापाशी ते होते. ठोक्याचे वजन, आणि घाई न करणारी लय. नायकांची कारकीर्द उंचीवर मोजतात. साथीदाराची कारकीर्द विश्वासावर मोजावी, असे मला वाटते. किती जणांनी, किती वर्षे, आपल्या पाठीशी याच माणसाने असावे असे मानले? या मापाने स्लेड यांची कारकीर्द मोठी आहे.

तथापि विश्वासाचे कौतुक करून थांबलो तर आपण साथीदाराची फसवणूक करू. विश्वासाने पोट भरत नाही. सेशन वादकाला एकरकमी बिदागी मिळे. तबकडी पुढे लाखांनी खपली तरी त्याचा वाटा वाढत नसे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या विनियमांनी ध्वनिमुद्रिका आकाशवाणीवर वा सार्वजनिक जागी वाजल्यास वादकालाही न्याय्य मोबदला देण्याची तरतूद केली. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेले, आणि वाढीव काळातील उत्पन्नाचा २० टक्के भाग एकरकमी बिदागी घेतलेल्या वादकांसाठी बाजूला ठेवण्याचे बंधन ध्वनिमुद्रण कंपन्यांवर आले. ब्रिटनमध्ये ही तरतूद १ नोव्हेंबर २०१३ पासून अमलात आली. पण पैसे वाटावयाचे तर कोणी वाजविले हे ठाऊक हवे. 'इट्स नॉट अनयुज्वल'च्या ड्रमसारखा वाद जेथे आहे, तेथे निधी असूनही हात रिकामे राहू शकतात. म्हणजे नाव छापणे हा केवळ मानाचा प्रश्न नव्हे. तो भाकरीचाही प्रश्न आहे.

हे सारे परक्यांचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गोव्याचा याच्याशी फार जवळचा संबंध आहे. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले शेकडो गोमंतकीय वादक मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गेले. वाद्यवृंदाची मांडणी लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील दोन ठळक. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात गुरूचे नाव गुंफले गेले. देशभर ते नाव मुखी झाले, पण ते एका खऱ्या संगीतकाराचे आहे हे किती जणांना ठाऊक होते? आणि त्यांच्याबरोबर वाजविणाऱ्या इतरांची नावे तर श्रेयनामावलीतही नसत. आपल्या देशात १९९४ च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार कायद्यात कलावंताचे हक्क आले, २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वधनाचा हक्कही आला. मात्र त्याच दुरुस्तीत असे एक कलम आहे, की चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव व्यवसायाच्या रूढीनुसार श्रेयनामावलीत येत नाही, त्याला, आपल्या कलेची विटंबना होऊ न देण्याच्या हक्कापुरते सोडल्यास, 'कलावंत' धरू नये. विचार करा : आधी नाव छापावयाचे नाही, आणि मग छापलेले नाही म्हणून हक्क द्यावयाचा नाही!

लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांचे नाव ज्या भूमीत आदराने घेतले जाते, तेथे लयीचे मोल मी सांगावे असे नाही. माझी विनंती लहान आहे. येत्या स्नेहसंमेलनापासून आपल्या शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्याच्या नावाखाली पेटी, तबला, झांज वाजविणाऱ्यांचीही नावे छापावीत. पडदा ओढणाऱ्या मुलाचेही छापावे. शाळेच्या दप्तरात त्या पत्रिका जपून ठेवाव्यात. नोंद करण्याची सवय लहानपणी लागली, तर मोठेपणी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आणि माजी विद्यार्थ्यांना एक सांगणे आहे. आवडते गाणे पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा एकदा गायकाचा आवाज बाजूला सारून खालचा ठेका ऐका. तेथे कोणीतरी बसलेले असते. ते कोण, असा प्रश्न मनात आला, तरी माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.